म्हशीचं काळीज

३ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. आधी भांडते, मग खुशाली विचारते.

काल मी फोन केला तो मुद्दाम म्हशीच्या शेजारी उभी राहून. म्हटलं, जन्मभर तू इंजिनं कानाने तपासलीस, तर हिचा खोकला तुला थेट ऐकवावा. तू दोन-तीनदा ‘कोण? कोण?’ विचारलंस, मग ‘पत्र लिही गं, पत्र’ म्हणालास आणि फोन ठेवून दिलास. एवढा कसला राग? आईच्या माहेरचं तू एकटाच उरलायस मला. आई असती तर तुझा कान धरला असता.

बरं, लिहिते. हे पत्र तुझ्या सूनबाईंच्या हाती पडलं तर त्यांना आधीच सांग, की म्हैस म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. तिच्यावर बसून बाबांनी या शाळेचं मैदान कापलं आणि आता मी कापते. नाहीतर त्यांना वाटायचं, नणंदेने गोठा काढला.

तर म्हैस आजारी आहे. चावी फिरवली की उठते, थोडा वेळ नीट चरते, मग धाप लागल्यासारखी होते, मागून निळसर धूर निघतो आणि बसकण मारते. थांबून पुन्हा चावी दिली की पुन्हा तेच. सकाळी मैदानावर धुकं असतं. त्यात ती मधोमध अशी उभी राहते, की मला तिच्यावर रागावताही येत नाही.

मला मैदानाची काळजी नाही, मामा. काळजी बाबांची आहे. माझं नाव त्यांच्या तोंडून केव्हाच गेलंय. मी कधी ‘अहो बाई’ असते, कधी नर्स, कधी कोणीच नाही. पण दुपारी म्हैस चालू असली की ते मैदानाकडच्या खिडकीतल्या खुर्चीत निवांत बसतात. कामावर कोणीतरी आहे, आपल्याला सुट्टी आहे, एवढं त्यांना त्या आवाजावरून कळतं. आवाज थांबला की उठतात आणि बूट शोधायला लागतात. ‘गवत वाढलं असेल,’ म्हणतात.

दादाने त्याच्या गावात वृद्धांसाठीच्या एका निवासात जागा बघून ठेवली आहे. मेअखेर सांगायचंय. ‘तू मैदानात असतेस, तेव्हा त्यांच्याकडे कोण बघणार?’ असं विचारतो. मी त्याला काय सांगू? म्हैस बघते म्हणून?

तुझी,
ठमी


९ एप्रिल

चि. ठमे,

खूप आशीर्वाद, आणि त्याहून जास्त सूचना.

फोनचं नाव काढू नकोस. फोनमध्ये सगळी इंजिनं शिवणयंत्रासारखी वाजतात. तू मला आवाज लिहून पाठव. घरघर, खरखर, फुरफुर, धडधड, टकटक, खडखड, हे सगळे शब्द आपल्या पूर्वजांनी मेकॅनिकसाठीच करून ठेवलेत, कवी लोक उगाच वापरतात.

आता एकेक बघ. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की आत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. झाकण थोडं सैल ठेवून चालव. तेवढ्याने बरी झाली तर तू नशीबवान. नाही झाली तर हवेचा फिल्टर झटक. मग प्लग काढून त्याचं तोंड बघ, डॉक्टर जीभ बघतात तसं. विटकरी रंग असेल तर तब्येत छान. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त पितेय. ओलं, तेलकट काळं असेल तर ऑईल वर चढतंय, आणि मग मला झोप येणार नाही.

शेवटची परीक्षा अंगठ्याची. पात्यांचा खटका बंद कर, प्लगची वायर लांब बांधून ठेव, आणि प्लगच्या रिकाम्या भोकावर अंगठा दाबून धर. दुसऱ्या कोणाला तरी चावी फिरवायला लाव. सीटवर माणूस बसल्याशिवाय ती बया चावी घेत नाही, हे तुला माहीत आहेच. आतल्या हवेने अंगठा उडवून लावला तर तिच्या छातीत अजून दम आहे.

माझं ठीक चाललंय. नवव्या मजल्यावर राहतो. खाली रस्ता आहे म्हणतात, ढग असले की तोही नसतो. इथे हाताला लागेल असं काही बिघडतच नाही. परवा मिक्सर बिघडला. मी पेचकस शोधेपर्यंत मुलाने नवा आणला. दुपारी खुर्चीत डोळा लागतो आणि मी तुमच्या मैदानावर येतो. स्वप्नात गवत गुडघ्याएवढं असतं, भावोजी म्हशीवर असतात आणि मी चालत मागून येत असतो. ते काहीतरी ओरडून सांगतात. म्हशीच्या आवाजात मला कळत नाही, पण मी मान हलवतो.

भावोजींना माझं नाव सांगून बघ. नाही ओळखलं तरी सांग.

मामा


१६ एप्रिल

ती. मामा,

तुझं नाव सांगितलं. ‘तो खोडकर आहे,’ म्हणाले. म्हणजे ओळखलं.

झाकण सैल केलं, फरक नाही. फिल्टर झटकला, माझ्याच डोळ्यांत सगळं गेलं, फरक नाही. प्लगचं तोंड ओलं, तेलकट, काळं. आता जागा राहा.

अंगठ्यासाठी दुसरं माणूस हवं होतं. मी बाबांना हाताला धरून शेडमध्ये नेलं आणि सीटवर बसवलं. मी सांगायच्या आधी त्यांनी पाय पेडलवर ठेवले. ‘चावी फिरवा,’ म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना श्वास घ्यायला शिकवतेय. फिरवली. अंगठ्याला नुसती फुंकर लागली, मामा. गरम चहावर घालतो तेवढीच. बाबा म्हणाले, ‘दमली.’ मी हो म्हटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण शाळेचे सर दोनदा येऊन गेले होते, मुलांच्या स्पर्धा तोंडावर होत्या. मी प्लग लावला, ऑईल भरलं आणि तिला हळूहळू हाकत निघाले. आवाज लिहिते: आधी नेहमीचं टुक-टुक-टुक, जे लहानपणापासून ऐकतेय. त्याच्या मागे एक बारीक, सुकं टक. मग टक मोठा झाला, टुक ऐकू येईना. मैदानाच्या पार टोकाला पोचले आणि धाड! इंजिनच्या कुशीला पेल्याएवढं भोक पडलं आणि गवतावर काळं ऑईल पसरलं.

त्यानंतर जी शांतता झाली तशी मी त्या मैदानावर कधी ऐकली नव्हती. लांबची पाखरं ऐकू यायला लागली, कुठेतरी नळ गळत होता तोसुद्धा. छान वाटलं मला, खोटं कशाला बोलू? क्षणभर डोळे मिटून बसले. उघडले तेव्हा खिडकीतली खुर्ची रिकामी होती.

बाबा फाटकाबाहेर रस्त्यावर होते, मधोमध. पावाच्या गाडीवाल्याने ब्रेक मारला तो मी धावत असताना ऐकला. तो बिचारा खाली उतरून रस्त्याकडेला बसला होता आणि बाबा त्याचंच सांत्वन करत होते. ‘मला कामावर उशीर झालाय, तुमची काही चूक नाही,’ असं म्हणत होते.

दादाला हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता मी मैदानात जाताना दाराला बाहेरून कडी लावते. मी बाबांना कडी लावते, मामा.

ठमी


२१ एप्रिल

चि. ठमे,

पिस्टनला धरणारा दांडा तुटला आणि कुशीतून बाहेर आला. अशा जखमेला टाका नसतो. बाकीचं अंग धडधाकट आहे तिचं. चाकं, गिअर, पाती सगळं अजून खूप वर्षं चालेल. म्हशीला नवं काळीज बसवायचं. तू बसवशील. मी सांगतो तसं कर.

इंजिनच्या डोक्यावर जे पत्र्याचं झाकण असतं, त्यावर आकडे ठोकलेले असतात. मळ पुसून काढ, वर खडू आडवा घास, म्हणजे वाचता येतील. ते आकडे दुकानदाराला दे, तो जुळणारं इंजिन मागवेल.

जुनं उतरवताना आधी बॅटरीची काळी वायर सोड. पेट्रोल काढून घे. प्रत्येक वायरला रिबीन बांध, कुठली कुठे होती ते लक्षात ठेवण्याच्या भानगडीत पडू नकोस. शहाणी माणसं तिथेच फसतात. खालची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, गंजून बसलेली असणार. तिला हातोडा मारायचा नाही. तेल सोडायचं आणि वाट बघायची. लोखंडाशी घाई केली की ते दुप्पट हट्टी होतं, तुझ्या आजोबांसारखं. नवं इंजिन आलं की ऑईल भरायच्या आधी बसतंय का ते बघ. कोरडं इंजिन दुकानदार परत घेतो, ओलं घेत नाही.

कडीचं मनाला लावून घेऊ नकोस. मीसुद्धा इथे बंद दाराआडच आहे. सूनबाई चांगली आहे, तरी दार ते दारच.

मामा


५ मे

मामा,

नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात.

खडू शाळेतलाच मागून आणला. आकडे एकेक करून वर आले. मी स्वच्छ अक्षरात उतरवून दुकानदाराला दिले. त्याने दोनदा जुळवून पाहिले आणि इंजिन मागवलं. जुनं मी उतरवलं. पुलीला तेल पाजत बसले, रोज जाऊन ‘आज सुटतेस का?’ विचारलं, शेवटी सुटली. इंजिन आलं, लालचुटुक, सुरेख. आणि त्याच्या शाफ्टवर, म्हणजे खालच्या दांड्यावर, आपली पुली घातली तर ती मोठ्या माणसाच्या चपलेत लहान पोराचा पाय गेल्यासारखी डुगडुगली. शाफ्ट बारीक आहे. आखूडही आहे. आकडा बरोबर, दुकानदार बरोबर, इंजिन बरोबर आणि तरी बसत नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

मी शेडमध्ये बसून रडले. मग राग आला, तो तुझा आला. नवव्या मजल्यावरून सूचना करायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. कालही मी फोन केला होता. फोन तुझ्याच हातात होता, कारण श्वास ऐकू येत होता. मी ‘मामा, मामा’ म्हणत राहिले. तू एक शब्द बोलला नाहीस.

हाताने ढकलायच्या छोट्या मशीनने मी जमेल तेवढं कापते. बाबा त्याला भुलत नाहीत. दाराशी उभे राहून आतून दार हलवत राहतात, हळू, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये अशा बेताने. ते मैदानापर्यंत ऐकू येत नाही. तरी मला ऐकू येतं.

दादा वीसला गाडी घेऊन येतोय, बाबांना ती जागा दाखवायला. दाखवायला म्हणजे काय ते तुला कळतं.

ठमी


१० मे

चि. ठमे,

तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. झाकण! मेल्या झाकणा!

तू शाळेत जाण्याच्या वयाची नव्हतीस तेव्हाची गोष्ट. वादळात फांदी पडून म्हशीच्या इंजिनचं झाकण चेपलं होतं. भावोजी आणि मी भंगारवाल्याकडे गेलो आणि तसलंच दिसणारं दुसऱ्या कुठल्या तरी मशीनचं झाकण घेऊन आलो. रंग जुळला, बोल्ट जुळले, आम्ही खूश. ताईने वर चहा दिला. म्हणजे तू वाचलेले आकडे खरेच आहेत, पण ते कुठल्या तरी परक्या इंजिनचे आहेत. धड एकाचं आणि कपाळ दुसऱ्याचं. माझ्या टाळक्यात हे आधी यायला हवं होतं.

आता आकडे सोड. तुटलेलं इंजिन तुझ्यासमोर आहे, तेच खरं सांगेल. खाली जो शाफ्ट उतरतो त्याची जाडी मोज, लांबी मोज, त्याच्या अंगावरची खाच किती रुंद आहे ते बघ. तळाच्या चार बोल्टच्या भोकांवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घे. तो कागदच दुकानदाराच्या टेबलावर ठेव. जे डोक्यावर लिहिलेलं असतं त्यापेक्षा पायाला काय बसतं ते विचार, हे मी पोरासोरांना शिकवत आलो आणि स्वतः विसरलो.

आणि फोनचं.

मला ऐकू येत नाही, ठमे. थोडं कमी येतं असं नाही, काहीच येत नाही. गेल्या वर्षी एक कान गेला, थंडीत दुसरा. कानात घालायचं यंत्र आणलं, त्यातून नुसता कालवा येतो, माणूस येत नाही. सूनबाई पाटीवर लिहून दाखवते, तिचं अक्षर छान आहे. त्या दिवशी फोन हातात घेतला, तो थरथरत होता म्हणून. पलीकडे तू आहेस हे पडद्यावर दिसत होतं. मी नुसता धरून बसलो. तुझा फोन होता, ठेववेना.

तुला कळवलं नाही, कारण तुझ्यासाठी मी कानाचा मामा. कान गेलेला मेकॅनिक म्हणजे काय राहिलं मागे? पण गंमत सांगतो. झोपेत मला सगळं ऐकू येतं. डोळा लागला की गॅरेज सुरू होतं. एकेक इंजिन येतं, आपलं दुखणं सांगतं, मी नट आवळतो, ते धन्यवाद दिल्यासारखं फुरफुरतं आणि जातं. तुझी म्हैस रोज येते. तुझ्या पत्रातलं टुक-टुक वाचून झोपलो त्या दिवशी इतकं स्पष्ट ऐकलं, की जागा झाल्यावर घर फार मोठं वाटलं.

म्हणून म्हणतो, आवाज लिहीत जा. माझ्याकडे आता तेवढेच येतात.

मामा


२२ मे

ती. मामा,

साष्टांग नमस्कार, आणि मागच्या पत्रातल्या उंटाबद्दल माफी. शेळ्या तुझ्याच, उंटही तुझा.

तुझं पत्र वाचून मी शेडमध्ये जाऊन बसले आणि तुला सगळे आवाज सांगावेसे वाटायला लागले. पत्र्यावर वाळकं पान घसरतं तो, बाबा चमच्याने कप ढवळतात तो. पुढे एकेक लिहीन.

शाफ्ट मोजला. ठसा घेतला. दुकानदाराने कागद उचलून खिडकीशी धरला, ‘अस्सं!’ म्हणाला आणि पहिलं इंजिन कुरकुर न करता परत घेतलं. दुसरं आलं त्याच दिवशी दादाही आला.

दादा नवा शर्ट घालून आला होता. मी म्हटलं, ‘बाबांना नेण्याआधी हे एवढं उचलू लाग.’ तो म्हणाला, ‘तू सुधारणार नाहीस.’ पण बाह्या दुमडल्या. आम्ही दोघांनी इंजिन उचललं, एक-दोन-तीन म्हणून म्हशीच्या पोटात उतरवलं, आणि शाफ्ट पुलीत असा गेला, की दोघांनाही हसू फुटलं. चारही बोल्ट जागेवर. बेल्ट चढवला. रिबिनी बघून वायरी जोडल्या. दादाच्या शर्टावर ऑईलचा पंजा उमटला, तो त्याला घरी जाईपर्यंत कळला नसेल. ऑईल भरलं, पेट्रोल भरलं, मी बसले, चावी फिरवली. पहिल्यांदा खाकरली, दुसऱ्यांदा चालू.

पण मामा, आवाज. एकसारखा सूंऽऽऽ. मधे काही नाही, टुक नाही, काहीच नाही. दुपारच्या झोपेत भिंतीपलीकडून येतो तसा. मी मैदानाला एक फेरी मारून खिडकीखाली आले. बाबा उभे होते. घाबरलेले. म्हणाले, ‘ही कोणाची गाडी? माझी कुठे आहे?’ मग दादाकडे वळून, अगदी हळू आवाजात विचारलं, ‘तो गेला का?’

‘तो’ म्हणजे कोण, हे आम्ही विचारलं नाही. मला वाटतं, ते स्वतःबद्दलच विचारत होते.

दादा फाटकापाशी जाऊन गाडीत बसला. मग काच खाली करून म्हणाला, ‘मुदत थोडी वाढवून घेतो, पंधरा दिवस थांबतो. त्यापुढे ती जागा ठेवणार नाहीत.’ तो वाईट नाही, मामा. त्यालाही भीती वाटते.

आता एकच मागते. तुला इंजिनच्या नाड्या माहीत आहेत. या नव्यातून जुना टुक काढता येईल का? काहीतरी सैल कर म्हण, काहीतरी भोक पाड म्हण. मी करीन.

ठमी


२६ मे

चि. ठमे,

काढता येईल. सांगणार नाही.

तो टुक म्हणजे काय होतं ते ऐक. सायलेन्सर इंजिनला जिथे बसतो तिथे एक पातळ चकती असते. ती फाटली होती आणि धूर तिथून फुटत होता. मी भावोजींना सांगितलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे, बदलून देतो. ते म्हणाले, ‘राहू दे, त्याशिवाय मला एकटं वाटेल.’ म्हणजे तुम्ही सगळे इतकी वर्षं तिचं दुखणं ऐकत होतात आणि त्यालाच तिचा गळा समजत होतात. आता नव्या, धडधाकट जिवाला तेच दुखणं लावायचं? माझा हात होणार नाही आणि तुझाही होऊ नये. गरम धूर पेट्रोलजवळ फुटला तर म्हैस पेटेल, हेही आहेच.

नव्या इंजिनला पहिले काही तास पळवू नकोस. मधल्या वेगात चालव, अधूनमधून चढव-उतरव, मग पहिलं ऑईल काढून टाक. त्यात लोखंडाची चमक दिसेल, घाबरू नकोस. नवीन सून घरात रुळावी तशी ती रुळते. आणि रोज दुपारी चालव. गवत असो नसो. भावोजी घाबरले तरी चालव. कडी मात्र काढ. तू त्यांच्या नजरेसमोर राहा आणि त्यांना यायचं तर येऊ दे, फक्त फाटक बंद ठेव.

यापुढे काय होईल ते मला माहीत नाही. इंजिनबद्दल विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

तुझा सूंऽऽऽ मी दोनदा वाचला. अजून स्वप्नात आला नाही. वाट बघतोय.

मामा


७ जून

ती. मामा,

दादाने ती जागा सोडली. मी फोनवर सांगितलं ते ऐकून सोडली; तेच तुला लिहिते, सावकाश वाच.

तू म्हणालास तसं केलं. फाटकाला कुलूप, दार उघडं, रोज दुपारी म्हैस. पहिले काही दिवस बाबा खिडकीत उभेच राहायचे. बसायचे नाहीत. मी वळून बघितलं की तिथेच, हात काचेवर. एकदोनदा दारापर्यंत आले, परत गेले. मी रडत चालवत होते, ते खिडकीतून दिसत नाही म्हणून बरं.

परवा ऊन मऊ होतं, ढग सावकाश मैदानावरून जात होते, आणि सूंऽऽऽ मध्ये मलाही गुंगी येत होती. बघितलं तर खुर्ची रिकामी, खिडकीही. बाबा मैदानात होते. कापलेल्या पट्ट्यावरून, न कापलेल्या गवतावर पाय न ठेवता, माझ्याकडे चालत येत होते. मी पाती बंद केली आणि वेग उतरवला.

‘थांबवू नकोस,’ त्यांनी हात हलवला. ‘चालू राहू दे. थंड झाली की रुसते.’

म्हशीच्या बाजूला उभे राहून त्यांनी तिच्या अंगावर हात ठेवला. मग म्हणाले, ‘ही माझी गाडी नाही. आवाज माझा नाही.’

‘नवं इंजिन आहे,’ मी म्हटलं.

‘ते असू दे. मी आत बसून ऐकतोय. त्या झाडापाशी आलीस की तू आधी दम धरतेस, मग वळतेस, आणि वळल्यावर पाती भरात येऊ देतेस, मग पुढे. रोज ऐकतोय. लोक वळणावर घाई करतात, गवत उपटून काढतात. असं कोणी वळत नाही.’ त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मामा. परक्या माणसाकडे बघतात तसं, पण कौतुकाने. ‘तुला हे कोणी शिकवलं?’

मी म्हटलं, ‘माझ्या बाबांनी.’

‘आहेत का ते?’

‘आहेत. घरीच असतात.’

‘काळजी करत असतील ना?’

‘खूप करतात.’

त्यांनी मान हलवली, जसं काही त्या माणसाचं दुखणं त्यांना पुरतं माहीत होतं. ‘त्यांना माझा निरोप सांग,’ म्हणाले. ‘म्हणावं, आता निवांत बसा. मैदान चांगल्या हातात आहे.’

मी म्हटलं, ‘सांगते.’ ते वळले आणि आपल्या आपण, त्याच पट्ट्यावरून घरी गेले. मी सीटवर बसून ते दारात शिरेपर्यंत बघत राहिले.

दिवेलागणीला मी त्यांना दूध दिलं आणि समोर बसले. म्हटलं, ‘बाबा, आज मैदानावर एकजण भेटले. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय. आता निवांत बसा म्हणाले. मैदान चांगल्या हातात आहे.’

बाबांनी कप खाली ठेवला.

‘त्यांना मैदानातलं कळतं?’ त्यांनी विचारलं.

‘त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही.’

‘मग खरं असेल,’ बाबा म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

तुझी,
ठमी